दोराच्या वरच्या टोकाला

नवलसिंगाचे हात आधी सांगतो, कारण सगळा माणूस तिथेच होता. तळवा रुंद, बोटं आखूड. छत्तीस-सदतीस साली अक्राणीच्या डोंगरात लाकूडतोडीवर आम्ही दोघं एका करवतीवर होतो. ओंडका खड्ड्यावर आडवा, मी त्याच्या वर, तो खाली खड्ड्यात. वरच्याला नुसती करवत ओढायची असते. खालच्याला ओढायचीही असते आणि डोळ्यांत भुसाही घ्यायचा असतो. त्याने कधी जागा बदलून मागितली नाही. मी जरा ढिला पडलो की खालून आवाज यायचा, "गिरधरभाऊ, झोपी गया का?"

तो पावरा, त्या डोंगरातलाच आदिवासी. घरी पावरी बोले, माझ्याशी अहिराणी. आई लवकर गेली तेव्हा बहीण तान्ही होती. तिला त्यानेच कडेवर घेऊन वाढवली. ती रमिलाबाई. तिचा नवरा गोवाल आमच्याच कामावर कुऱ्हाड चालवायचा. कामावर ते दोघं आणि मी एका चुलीवर जेवायचो, पण नवलसिंग आणि गोवाल एकमेकांशी बोलत नव्हते.

"त्याले सांग, मीठ इकडे दे," नवलसिंग मला म्हणे. गोवाल हातभर अंतरावर बसलेला असे. मी सांगायचो, तो द्यायचा.

कारण होतं बैलाचं. गोवालने नांगरणीला नवलसिंगाचा बैल नेला आणि तो उतारावरून घसरून मेला. बैल मरतात. पण गोवालला तोंड दाखवायची लाज वाटली. त्याने एका गुराख्याकडून निरोप धाडला. नवलसिंगाला बैलापेक्षा तो निरोप लागला. "त्याने माणूस धाडना, आता मी बी माणूसकडूनच बोलसू," असं ठरवून बसला. दोन वर्षं झाली होती.

आता मधाचं. त्यांच्या पाड्यापासून लांब, जिथे गुरंही जात नाहीत अशा घळीत एक धबधबा आहे. त्याच्या कड्याला आग्या मोहोळ लागतं आणि तो कडा गोवालच्या घराण्याचा. दिवाळीनंतर एकजण दोरावरून खाली उतरतो, दुसरा वर दोर धरतो. धरणारा उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊच पाहिजे. आपल्या बहिणीला विधवा करायला कुणाचा हात ढिला पडत नाही, हा त्यातला हिशोब. बायको दोर नेऊन भावाच्या दारात ठेवते. भावाला नको असेल तर तो परत आणून तिच्या कुंपणावर टाकतो. सलग तीन वर्षं मोहोळ उतरवलं नाही, तर कडा दुसऱ्याचा होतो. दोन वर्षं दोर कुंपणावर परत आला होता. हे तिसरं वर्ष.

रमिलाबाई या वेळीही दोर ठेवून आली. तो परत आला नाही, आणि येतो असा शब्दही आला नाही. त्या दिवशी नवलसिंग कामावर नव्हता, म्हणून माझी करवतही बंद. गोवाल म्हणाला, "चाल, पाहू." मी निघालो.

वाट म्हणायला नव्हतीच. आधी ओढ्यातून. गुडघाभर पाणी, खाली गुळगुळीत धोंडे. पाय आधी चाचपायचा, मग वजन द्यायचं. मग डोक्याइतक्या गवतातून चढ. गवतात चढ दिसत नाही, मांड्यांना कळतो. गोवालकडे धुराला ओल्या पाल्याचा भारा, माझ्या पाठीवर मधाचे रिकामे तुंबे, वाळल्या भोपळ्यांची भांडी. रिकामे तुंबे हलके असतात हे खोटं आहे. ते प्रत्येक फांदीत अडकतात. पाण्याचा आवाज सकाळपासून ऐकू येत होता, पण प्रत्येक टेकाडामागे दुसरं टेकाड निघे. शेवटच्या चढावर मुळं धरून हातांवर चढलो.

वर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथे कुणी नव्हतं.

पाणी कड्यावरून एका धारेत खाली जात होतं आणि तळ तुषारांनी झाकला होता. बाजूला कपारीखाली मोहोळ, काळं, नांगराच्या फाळासारखं लोंबलेलं. गोवाल पाठ करून बसला. मी म्हणालो, "माझ्याकडे जुनी दावी आहेत, जोडू. मी धरतो. हात माझेही करवतीचेच आहेत."

"तू मन्हा कोण शे?" तो म्हणाला. "दोर सुटना तर तू तुन्हा गावले, तळोदाले जाशी. तो कुठे जाई? बहीण त्यानी शे."

तेवढ्यात गवत हललं. नवलसिंग आला, खांद्यावर दोराचं वेटोळं. पळसाच्या मुळ्यांच्या वाखाचा दोर. दोन ठिकाणी नव्याने वळलेला दिसला. रात्रभर तेच करत बसला असावा. त्याने गोवालकडे पाहिलं नाही. दोराचा एक वेढा झाडाला दिला, एक स्वतःच्या कमरेला, आणि टाच खडकाला लावून बसला. "त्याले सांग, उतर."

मी सांगितलं. गोवाल तुंबे कमरेला बांधून, पाल्याचा धूर सोडत उतरला. मी काठावर पालथा पडून पाहत होतो. मोहोळापाशी पोचला आणि माश्या उठल्या. त्याच वेळी दोर धारदार कडेवर घासू लागला. दोन पीळ तुटलेले मला दिसले, नवलसिंगालाही.

"त्याले सांग, डाव्या कपारीत पाय टेक. वजन काढ!"

मी ओरडलो. पाण्याच्या आवाजात माझा आवाज माझ्याच कानांना येईना. पुन्हा ओरडलो. गोवालने मानही वळवली नाही. माश्या वर आल्या त्या थेट नवलसिंगाच्या तोंडावर, हातांवर बसल्या. हाकलायला हात मोकळा नव्हता. त्याने डोळे मिटले आणि पोटातून हाक दिली.

"ए पाव्हना! डावा पाय! डावा टेक रे!"

दरीने ती हाक परत केली. गोवालने चमकून वर पाहिलं आणि डावा पाय कपारीत रोवला. दोर सैल पडला. मी फेटा सोडून घडी केली आणि कडेवर दोराखाली सारली. मग कामाला वेळ लागला नाही. मधाने जड झालेले तुंबे आधी मी दाव्यांनी वर ओढले, मग तो आला.

वर येऊन तो धापा टाकत उभा राहिला. नवलसिंग कमरेचा वेढा सोडत माझ्याकडे वळला. "त्याले सांग..."

"मालेच सांग," गोवाल म्हणाला.

नवलसिंग दोर गुंडाळू लागला. मग गोवालच बोलला. "बैल मन्हामुळे गया. मी सोता येवाले पाहिजे व्हतं."

"इतलं बोलाले दोन वरीस लागनात?"

"तुन्हा घरनी वाट अवघड शे."

नवलसिंगाचा ओठ सुजून वर गेला होता, म्हणून हसला की नाही ते नक्की सांगता येत नाही. पण परतताना जड तुंबा त्याने गोवालच्या खांद्यावरून काढून घेतला.

अंधार पडायच्या आत रमिलाबाईच्या दारात पोचलो. भावाचं तोंड भोपळ्यासारखं झालं होतं, डोळे चिरांएवढे. तिने तिघांकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हाऊ कोण पाव्हना लयनात?" मग पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, ते तिने पाठीमागून कळू दिलं नाही.

भाकरी आली. नवलसिंगाने हात पुढे केला, पण बोटं सुजून मूठ वळेना. मी पाहत होतो. ज्या मुठीतून दिवसभरात काही सुटलं नव्हतं, तिच्यात भाकरीचा तुकडा राहत नव्हता. गोवालने त्याची भाकरी ओढून घेतली, कुस्करली, वर मध पिळला आणि थाळी पुढे सरकवली.

नवलसिंगाने थाळीत पाहिलं, मग माझ्याकडे.

"गिरधरभाऊ, त्याले सांग, मध अजून घाल."