पुण्याच्या गाडीची अडतीस मिनिटं

"आउटरला उभी केली! लिहून घ्या भिया, पुण्याची गाडी आज परत आउटरला उभी केली!"

आमच्या शेजारचे काका गच्चीवरून असे ओरडले की सुदामा नगरातली कबुतरं उडाली ती थेट बड़ा गणपतीच्या कळसावर जाऊन टेकली.

गाडी म्हणजे विमान. काकांची सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्ड म्हणून गेली. त्यामुळे जे जे चालतं ती गाडी, आणि उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणारं विमान म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला, आउटरला, अडवलेलं.

एकुलती मुलगी पुण्याला राहायला गेली, त्या दिवशी काकांनी नकाशावर दोरा ताणला. "हवेतून पाचशे किलोमीटर. आठशेच्या स्पीडनं सदतीस मिनिटं. आणि हे लोक सांगतात सव्वा तास! बाकीची अडतीस कुठे गेली, बताओ?"

ही अडतीस मिनिटं त्यांनी इंदुरात कोणाला विचारली नाहीत? सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाताना विचारली. दाताच्या डॉक्टरला तर तोंडात चिमटा असताना विचारली.

मी म्हटलं, "काका, चढायला, उतरायला, वळायला वेळ लागतो हो."

"गार्डला शिकवता? इथल्या राजवाड्याला जायला सदतीस मिनिटांहून जास्त लागतात. म्हणजे मुलगी शेजारीच राहते, बस!"

हे म्हणताना खिशातलं घड्याळ बाहेर, आत, पुन्हा बाहेर. आणि फेऱ्या. काकू गेल्यावर त्या इतक्या वाढल्या की गच्चीची फरशी झिजून खालच्या खोलीत ऊन पडू लागलं. म्हणजे, पडायचंच बाकी होतं.

मुलगी दर फोनला म्हणायची, "बाबा, आता इकडेच या."

"इतकी जवळ आहेस, तर यायचं कशाला?" हे ठरलेलं उत्तर.

या वर्षी काका जिन्यात पडले. दोन तास तसेच पडून होते. मी दूध द्यायला गेलो म्हणून कळलं. मुलगी आली. या वेळी ते ठरलेलं उत्तर काही आलं नाही. भांडी वाटली, घर विकायला काढलं.

निघताना काकांनी त्यांची जुनी हिरवी झेंडी माझ्या हातात दिली. "गाडी वरून गेली की दाखवा. मी खिडकीतून बघतो. आणि त्या अडतीस मिनिटांचा निकाल आजच लावतो!"

मी त्यांच्याच गच्चीवर चढून झेंडी अशी हलवली की चौकातल्या रिक्षा सिग्नल सुटला समजून निघाल्या. विमान डोक्यावरून गेलं. आउटरला वगैरे काही थांबलं नाही. पार ठिपका होईपर्यंत मी हात खाली केला नाही. मग उगाच चार फेऱ्या मारल्या.

संध्याकाळी फोन लावला. "काका, बोला! इंदूर किती लांब पडलं शेवटी?"

"माहीत नाही," काका म्हणाले. "घड्याळ बॅगेत ठेवलं होतं."