स्टेपनी चेसिसखाली गेली तेव्हा

दादा लखनऊ सोडून कायमचा पुण्याला, मुलाकडे निघाला, तेव्हा त्याचं सामान माझ्याच ट्रकमधून जाणार हे मी आधीच सांगून टाकलं होतं. दादा माझा थोरला भाऊ, रेल्वेतून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेला. मी पहिला ट्रक घेतला तेव्हा तो म्हणाला होता, "आपल्या घरात ट्रकवाला?" ते मी विसरलेलो नाही. आता त्याचा सगळा संसार ट्रकवाल्याच्या हौद्यात बसणार, याचं मला थोडं समाधानही होतं.

अडचण एकच होती. ट्रक जुना घेतलेला. चेसिसखाली स्टेपनी टांगायचा सांगाडा गंजून कधीच पडून गेला होता, त्यामुळे जादा चाक हौद्यातच लोळायचं आणि अख्खा कोपरा अडवायचं. तयार सांगाड्याला दुकानदार तोंडाला येईल तो भाव सांगत होता. मी म्हटलं, घरीच करतो.

चिनहटला भंगारवाल्याकडे लोखंडी अँगल घ्यायला गेलो, तर दादाही सोबत आला. मी भावावरून भांडायला लागलो तसा तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला.

"भाईसाहब, आप तो जान लेकर ही मानेंगे," भंगारवाला म्हणाला.

"जान रख लो, लोहा दे दो."

पलीकडे दादा हसला. माझ्या बोलण्यावर तो हसल्याला किती काळ झाला होता, कोण जाणे.

घरी शेडमध्ये दोन अँगल चेसिसला आडवे बोल्टने बसवले. त्यांच्याखाली चाक ठेवायची चौकट, एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लांब बोल्ट. नट सैल केला की चौकट चाकासकट खाली झुकते. माझ्या मते काम संपलं होतं. दादाने साखळी मागितली.

"कशाला? बोल्ट काय पापडाचा आहे?"

"वॅगनखाली जे टांगतो त्याला आम्ही दुसरा आधार देतोच. पहिला तुटला तरी खाली पडायला नको."

"ही वॅगन नाही, दादा."

"मग मागून येणाऱ्याला तेच सांगशील का?"

साखळी लावली. ती आवळत, ट्रकखाली पोत्यावर पडल्या पडल्याच तो म्हणाला, "आईचं मशीन इथेच ठेवावं म्हणतो. जड आहे. जागा नाही व्हायची."

पायाने चालवायचं शिलाई मशीन. बाबा गेल्यावर विकास नगरातल्या किती बायकांचे ब्लाउज आईने त्यावर शिवले. माझ्या लायसन्सचा खर्च त्यातूनच निघाला. ती गेली आणि मशीन दादाकडे राहिलं, कारण सगळंच दादाकडे राहिलं. मला ते हवं होतं. कधी मागितलं नव्हतं. त्याने आपणहून द्यावं असं वाटायचं.

पण त्या क्षणी डोक्यात एवढंच गेलं, की माझ्या ट्रकमध्ये जागा नाही म्हणतोय.

"नाही कशी? मग हे कशासाठी करतोय? मशीन सगळ्यात आधी चढवतो, बघ."

"अरे, पण..."

"पण-बिण काही नाही."

तो घट्ट असलेला नट पुन्हा पुन्हा पान्ह्याने तपासत राहिला.

स्टेपनी खाली गेल्यावर मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात मशीन अगदी चपखल बसलं. मीच ते पोत्यात गुंडाळून दोरीने बांधलं.

पुण्यात सामान वर नेल्यावर दादाची सून खूश झाली. "काका, स्टँड काय सुंदर आहे! मशीन काढून वर काच टाकली की झालं टेबल."

वहिनी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "भावजी, ते तुमच्याकडे ठेवायचं ठरवलं होतं यांनी. तुम्हीच म्हणालात, जागा आहे."

"मग सरळ द्यायचं होतं!" माझा आवाज चढला. "'हे तू घे' एवढं म्हणायला काय झालं होतं?"

"तू मागितलंस कधी?" दादा म्हणाला.

सून बिचारी घाबरली. "काका, न्या ना मग."

दादा माझ्याकडे बघत होता. मी ते न्यावं असं त्याला वाटतंय, हे दिसत होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "टेबल करा."

चहा न घेताच जिना उतरलो. परतीचं भाडं सहज मिळालं असतं. शोधलं नाही. लखनऊपर्यंत हौदा रिकामाच आणला.