रामटेके काकांचं पाचवं शील

रामटेके काका कुठलीही पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय पुढे सरकत नसत. इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत मी नवीन होते तेव्हा आमची पहिली भेट बसस्टॉपवर झाली, ते अशीच एक पाटी वाचत असताना. बस आली, सगळे चढले. चेहऱ्यावरून हा आपला माणूस वाटला म्हणून मी हाक मारली, "काका, बस!" ते वळले नाहीत. "जाऊ दे. खालची बारीक ओळ राहून राहिली." नागपूरचे, कारच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. काकू गेलेल्या, मुलगा क्रॉयडनला. देव त्यांनी कधी मानला नाही, कायदा मात्र मनापासून मानला. "वाचला तर कायदा आपला, नाही वाचला तर दुसऱ्याचा," असं ते उठताबसता म्हणत.

दर रविवारी आम्ही काही मराठी बौद्ध कुटुंबं भाड्याच्या हॉलमध्ये वंदनेला जमायचो. काका पुढे उभे राहून पंचशील द्यायचे, आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. तिथे त्यांचा आवाज हमखास चढायचा. त्यांच्या वडिलांना दारूने नेलं होतं, आणि हे शील त्यांनी शाळकरी वयात आईसमोर घेतलं होतं.

मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डाव्या पायात भाजल्यासारखी कळ कायमची राहिली. होती नव्हती ती सगळी औषधं करून झाली. शेवटी एका स्पेशालिस्टने गांज्यापासून केलेलं तेल लिहून दिलं. काकांनी ती बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्ची मागे ओढून बसले.

"पोरी, हे काय होऊन राहिलं माझ्यासोबत?"

आम्ही दोघं कायदा वाचायला बसलो आणि होतं ते ज्ञानही गेलं. गांजा बाळगणं गुन्हा. स्पेशालिस्टने लिहून दिला तर औषध. नेहमीच्या जीपीला, म्हणजे घरच्या डॉक्टरला, मात्र तो स्वतःहून सुरू करता येत नाही. गांज्याच्या सुक्या फुलांची वाफ घेतलेली चालते, धूर काढलेला चालत नाही. गाडी चालवता येते, पण गुंगी नसेल तरच.

"गुंगी नाही हे सांगणार कोण?"

"आधी तुम्हीच, काका."

"म्हणजे गुंगीतल्या माणसानं सांगायचं, मला गुंगी नाही? भलताच कायदा!" गाडीची किल्ली त्यांनी त्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकली. तेव्हापासून रविवारी त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं.

हॉलच्या दारावर पाटी होती, आत अमली पदार्थ आणू नयेत. त्यांचं औषध त्यात मोडतं का, हे काकांनी मॅनेजरला विचारलं. तो बिचारा म्हणाला, "नो आयडिया, मेट," आणि विमा कंपनीला विचारतो म्हणाला. ते उत्तर अजून यायचं आहे. नागपूरहून काकांचे मेहुणे आले, तेही दुखरे गुडघे घेऊन. "भाऊजी, दोन थेंब मलाही द्या ना." काका ताडकन उभे राहिले. "बाटलीवर नाव कोणाचं? माझं. तुम्हाला दिलं तर मी गुन्हेगार, अन् घेतलं तर तुम्हीही."

"मग नागपूरला येताना तुम्ही ती आणाल कशी?"

"तेच तर कोणी नीट सांगून नाही राहिलं," काका म्हणाले आणि खाली बसले.

कायद्याचं निदान विचारायला माणसं होती. शीलाचं काय? काकांनी विहारातल्या भन्तेजींना फोन केला. औषध म्हणून घेता, नशा म्हणून नाही, मग चालतं, असं ते म्हणाले. मला हायसं वाटलं. काकांना नाही. "चालतं, हे काही कलम नाही," ते म्हणाले. "पाचवं शील मी दुसऱ्याला कोणत्या तोंडानं देऊ?"

पुढच्या रविवारसाठी त्यांनी मला न सांगता औषध बंद केलं. तिसरं शील देताना त्यांचा चेहरा पांढरा पडला, चौथ्याला ते भिंत धरून खाली बसले. मी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि रस्ताभर भांडले. "नसेल देता येत पाचवं, तर चारच द्या! पण असा जीव नका हो जाळू."

मी रागात बोलले होते. काकांनी ते कलमासारखं धरलं. पुढच्या रविवारी ते औषधाचं रिकामं खोकं घेऊन आले. बाटली घरी, कारण विमा कंपनीचं उत्तर नव्हतं. सगळ्यांसमोर त्यांनी खोक्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मग चार शीलं दिली आणि हात जोडून गप्प उभे राहिले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. कुणी सुरुवात केली, कुणी मध्येच थांबलं, पोरं हसली. पाचवं शील आम्ही कसंबसं म्हटलं. पुढे त्याचीच सवय झाली. काका शील मोडत होते की आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाळत होते, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

हिवाळ्यात काका झोपेत गेले. उरलेली बाटली त्यांच्या मुलाने औषधाच्या दुकानात परत केली, काकांनी तसं बजावून ठेवलं होतं.

त्यांच्या श्रद्धांजलीला पंचशील द्यायला मला पुढे उभं केलं. मी कसलं औषध घेत नाही, पाचही देणार होते. चौथं झालं आणि माझे हात काकांसारखेच आपोआप जोडले गेले. मला रडू येत होतं. समोरच्या सगळ्यांनी पाचवं शील एका आवाजात म्हटलं. या वेळी मध्येच कुणीही थांबलं नाही.