वळणावरचे सोफे

"आंधी थांबाचं शिक, मंग पयाचं पाहू."

शर्यतीसाठी गाडी तयार करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आमचा मिस्त्री पहिलं वाक्य हेच ऐकवायचा. समोरचा गडी केसांना जेल लावून, हेल्मेट काखेत मारून वेग मागायला आलेला. आणि हा आधी ब्रेक दाबून बघणार, तोंड वाकडं करणार आणि गाडीशीच बोलणार, "काहून वं बाई, कोनाच्या हाती लागली तू?"

अकोल्याला बाळापूर रोडवर त्याचं गॅरेज होतं. मी पेशानं शाळामास्तर. पण इकडे अकोल्यापासून तिकडे अमरावतीपर्यंत कुठेही मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलींची शर्यत असली की माइक माझ्या हातात. त्यामुळे हा माणूस मी वर्षानुवर्षं पाहिला, उन्हात, धुळीत आणि बहुतेक वेळा शिव्या देताना.

तो साधाभोळा वगैरे मुळीच नव्हता, हे सांगून टाकतो. मेलेल्या माणसाला साधाभोळा करायची आपल्याकडे फार घाई असते. हा चांगला फुशारक्या मारणारा आणि मानपानाचा भुकेला होता. "मास्तर, जितते गाडी, अन् हार पडते त्या येड्याच्या गळ्यात. त्यानं काय केलं? बसून होता!" हे त्याचं नेहमीचं गाऱ्हाणं. "पुण्याच्या पोट्ट्यायले माही गाडी दिसलीच नाही, नुसती धूळ दिसली," असंही तो सांगायचा. त्या दिवशी ती गाडी चौथी आली होती. निकाल मीच वाचला होता.

आमच्याकडची शर्यत तुम्ही पाहिली नसेल तर एवढंच लक्षात ठेवा, की शर्यत ही दोन सत्कारांच्या मधली विश्रांती असते. ट्रॅकवर पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याचा सत्कार, ड्रोनवाल्याचा सत्कार, डीजेवाल्याचा सत्कार. एकदा रुग्णवाहिकेच्या चालकाचा सत्कार चालू होता आणि पडलेला स्वार आत झोपून भाषण संपायची वाट पाहत होता.

आणि या सगळ्यांचे हार यायचे मिस्त्रीच्याच घरातून. वहिनी वलगावच्या फुलं पिकवणाऱ्या घरातल्या. गॅरेजला लागूनच त्यांचं हाराचं दुकान. "साऱ्या जगाच्या गळ्यात माह्या हातचा हार पडला भाऊजी," त्या मला म्हणायच्या, "यायच्या गळ्यात लग्नात टाकला तेवढाच." मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि हातातलाच पाना शोधायला लागायचा.

शेवटी तो दिवस आला. आमचे भाऊसाहेब, म्हणजे गावोगावच्या बॅनरवरचे भाऊसाहेब, यांच्या वाढदिवसाची शर्यत होती आणि सत्कारांच्या यादीत मिस्त्रीचं नाव लागलं. पठ्ठ्यानं नवा सफारी शिवला. आदल्या दिवशी मला गाठून म्हणाला, "मास्तर, वऱ्हाडचा वाघ म्हनू नोका, ते जुनं झालं. रेसिंग इंजिनिअर म्हना." वहिनींनी पांढऱ्या शेवंतीचा, मधे गुलाब घातलेला हार केला होता. असा हार त्यांनी भाऊसाहेबांसाठीही कधी केला नव्हता.

मिस्त्री मैदानात आला आणि उभाच राहिला. लांब सरळ पट्टा जिथे संपतो आणि ट्रॅक वळतो, त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाहुण्यांचे सोफे मांडले होते. तिथून ड्रोनचं शूटिंग छान येतं म्हणे. वेगात आलेल्या गाडीचा ब्रेक चुकला की ती वळणाबाहेरच जाते, हे सायकल शिकणाऱ्या पोरालाही कळतं. सोफ्यावर बसलं की मात्र कळेनासं होतं.

मी नाव पुकारलं. मिस्त्री ट्रॅकच्या मधोमध उभा, जागचा हलेना. एक कार्यकर्ता पळत गेला.

"चला ना मिस्त्री, सत्कार आहे तुमचा!"

"आंधी ते सोफे हालवा."

"अहो, भाऊसाहेब बसले आहेत त्यावर!"

"म्हनून तं म्हन्तो. रिकामे असते तं राहू देले असते."

लोक हसले. भाऊसाहेब सोफ्यावरूनच गोड आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आज माहा वाढदिवस आहे."

"वाढदिवसच राहू द्या भाऊसाहेब. त्याची तेरवी करू नोका."

भाऊसाहेब लालबुंद होऊन उठले. सोफे ट्रॅकच्या आतल्या अंगाला गेले आणि मिस्त्रीचं नाव यादीतून गेलं. पण शाल, श्रीफळ, हार तयार होते, ते वाया कसे जाऊ द्यायचे? तत्परतेनं सोफे हलवल्याबद्दल मंडपवाल्याचा सत्कार झाला. वहिनींचा शेवंतीचा हार त्याच्या गळ्यात पडला. वहिनी मागे उभ्या राहून पाहत होत्या. मलाच, माइक हातात असताना, भडभडून आलं.

दुसऱ्याच फेरीत बाळापूरच्या एका स्वाराचा ब्रेक चुकला. गाडी सरळ बाहेर गेली, जिथे सोफे होते तिथून घसरत काळ्या मातीत आडवी झाली. स्वार उठला, कपडे झटकले. लोकांनी शिट्ट्या मारल्या, रील काढले. सोफ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मोकळ्या जागेत पडलेल्या माणसाची बातमी होत नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की भाऊसाहेबांच्या उपस्थितीत शर्यत निर्विघ्न पार पडली.

संध्याकाळी मी विचारलं, "वाईट वाटलं का मिस्त्री?"

"वाटंन नाही तं काय? सफारी शिवला ना नवा!" मग हळूच म्हणाला, "तिनं लय मन लावून केला होता हार."

या उन्हाळ्यात तो गेला. गाडीखालून उठता उठता छातीत कळ आली आणि संपलं. हिवाळ्यात पुन्हा भाऊसाहेबांची शर्यत ठरली, आणि आता मिस्त्री अडचणीचा उरला नव्हता, म्हणून त्याला श्रद्धांजलीही ठरली. फोटो मोठा केला. हाराची ऑर्डर वहिनींच्याच दुकानात गेली.

वहिनी स्वतः हार घेऊन आल्या. सोफे वळणाच्या बाहेर, जुन्याच जागी, भाऊसाहेब मधोमध आणि शेजारी स्टँडवर मिस्त्रीचा फोटो. वहिनींनी हार घातला, नीट केला. मग त्या सरळ पट्ट्याकडे पाहत राहिल्या आणि हारासकट फोटो उचलून त्यांनी छातीशी धरला.

"वहिनी, श्रद्धांजली व्हायची आहे अजून," कार्यकर्ता म्हणाला.

"मंग तिकडं करा. यायले इथं ठेवू नोका. इथं गाडी येते."

आणि त्या ट्रॅक ओलांडून आतल्या अंगाला चालू लागल्या. भाऊसाहेबांनी मान वळवून त्या लांब पट्ट्याकडे पाहिलं. मग उठले आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी सोफ्याचं एक टोक स्वतःच धरलं.