वहिनींची भीती आणि दादांची जीप

आमच्या मोठ्या वहिनींइतकं भित्रं माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि त्यांच्याइतकी जपून जीपही दुसऱ्या कोणी चालवली नसेल. त्या कुकरच्या शिट्टीला भ्यायच्या, विजेच्या बटणाला भ्यायच्या, अनोळखी नंबरच्या फोनला तर इतक्या की तो वाजून थांबेपर्यंत दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. पण त्यांची भीती आळशी नव्हती. ज्याची भीती वाटेल त्याची त्या मुळापासून चौकशी करायच्या. कुकर घ्यायला गेल्या तेव्हा दुकानदाराला त्याचा प्रत्येक भाग सुटा करून दाखवायला लावला होता. "भ्यायचं तर नीट समजून भ्यावं, भावजी," असं मला म्हणायच्या.

पन्नाशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या, त्याही भीतीपोटीच. दादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, तरी कुरुंद्याच्या हळदीच्या रानात जुनी जीप स्वतःच न्यायचा त्यांचा हट्ट सुटत नव्हता. वहिनींनी तीन रात्री जागून काढल्या आणि चौथ्या दिवशी किल्ली आपल्या पदराला बांधली. मग नेहमीप्रमाणे चौकशी. वसमतच्या मेस्त्रीला त्यांनी जीपखाली झोपवलं आणि मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा कशाला असतो ते विचारलं. तो डिफरन्शियल होता. पुढे महिनाभर घरी येईल त्याला चहाबरोबर तोच ऐकावा लागे.

"वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. म्हणून हा गोळा दोघांना आपापल्या चालीनं फिरू देतो. इथपर्यंत बराबर," वहिनी सांगायच्या. मग आवाज खाली यायचा. "पण एक चाक चिखलात गेलं की घात. जे चाक मोकळं फिरतं त्यालाच तो फिरवत बसतो. ते गरगर फिरतं अन् घट्ट जमिनीवरचं नुसतं उभं राहतं."

त्यामुळे ओल दिसली की वहिनींचा चेहरा उतरायचा. सेनगावकडच्या एका लग्नात अवकाळी पाऊस पडून गेला होता. सगळ्यांनी गाड्या मांडवाजवळच्या काळ्या रानात नेऊन लावल्या. वहिनींनी जीप डांबरी रस्त्यावरच थांबवली आणि आम्हाला भरजरी कपड्यांत चिखल तुडवत चालवलं. दादा लाजेने लाल झाले. पण परतताना नवरदेवाची गाडी जागच्या जागी चाक फिरवू लागली आणि व्याह्यांचं पांढरंशुभ्र धोतर कमरेपर्यंत काळं झालं. शेवटी नवरी-नवरदेव आमच्या जीपमधून गेले. वहिनी हसल्या नाहीत. घामेजल्या हातांनी स्टिअरिंग धरून होत्या.

मी खरा भ्यालो तो त्याच्या पुढच्या वर्षी, परतीच्या पावसात. रानातून आम्ही तिघं निघालो. ओढ्याच्या नळकांडी पुलावरून जेमतेम घोटाभर पाणी वाहत होतं. वहिनी थांबल्या, पण मागे आभाळ असं अंधारून आलं होतं की दादा म्हणाले, "चल, आता न्हाई तर मुक्काम रानातच." पूल संपता संपता मागचं डावं चाक कडेच्या गाळात घसरलं. जीप तिरपी झाली. वहिनींनी गाडी दामटली तशी ते चाक भिंगरीसारखं फिरलं. उजवं चाक सिमेंटवर ढिम्म. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला असावा. बघता बघता गढूळ पाणी वाढलं, पायदानाला लागलं.

"दाब! जोरात दाब!" दादा ओरडले.

"दाबलं की ते खड्डाच खोदून राहिलंय," वहिनी म्हणाल्या. दात वाजत होते त्यांचे. "तुमी दोघं डावीकडं सरका. वजन द्या त्याच्यावर."

आम्ही सरकलो. माझ्या बाजूला खाली पाणी घुमत होतं आणि मला पोहता येत नव्हतं. वहिनींनी हँडब्रेक अर्धाच ओढला, म्हणजे मोकळं फिरणारं चाक आवळलं जाईल आणि थोडा जोर दुसऱ्याकडे वळेल. मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला आणि गाडी हळू सोडली. गुरगुर झाली. काहीच हललं नाही. दादांनी माझा दंड घट्ट धरला. पुन्हा एकदा वहिनींनी तसंच केलं, आणि उजव्या चाकाने सिमेंट पकडलं. जीप कण्हत कण्हत वर आली. मागे वळून पाहिलं तर पूल दिसत नव्हता. पुढे बाभळीपाशी गाडी थांबवून वहिनी उतरल्या आणि चिखलातच बसून लेकरासारख्या रडल्या. दादा शेजारी बसून राहिले.

दादा गेल्या वर्षी गेले. परवा कुरुंद्याला गेलो तर वहिनींनी मला फाट्यावर सोडायला जीप काढली. रस्त्यावर पाण्याचं मोठं डबकं होतं. वहिनींनी वेग कमीच केला नाही. पाणी काचेवर उडालं. मी दांडी धरून बसलो होतो.

"वहिनी, आता भ्या वाटत न्हाई?"

"गाडीत माझ्यासाठी कधी वाटलंच न्हाई, भावजी," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "शेजारी ते बसलेले असायचे."

पुढे आणखी एक डबकं आलं.

"वहिनी, जरा हळू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून? तुमाला भ्या वाटून राहिलं का?"

"व्हय," मी म्हणालो.

गाडी हळू झाली. डबक्याला वळसा घालून वहिनी कोरड्या कडेने निघाल्या.