मिक्सरवरची आवराआवर

जगात इतक्या हळू आवाजात गाणं ऐकणारा दुसरा माणूस नसेल, आणि त्याची तीन दिवसांची मेहनत मी एका ओल्या फडक्याने पुसून टाकली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझी नातवंडं तिखटमीठ लावून सांगतील. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायचं वय नुकतंच टळून गेलं होतं.

हा माझ्या भाच्याचा शाळासोबती. मुलुंडला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, खोकी बनवणारा कारखाना आणि लेथवाला यांच्या मधल्या गाळ्यात त्याचा स्टुडिओ होता. गाणं रेकॉर्ड झालं की प्रत्येकाचा आवाज, ढोलकी, पेटी कमीजास्त करून सगळं एकजीव करायचं, म्हणजे मिक्सिंग, हे त्याचं काम. बाकीचे लोक या कामात काचा थरथरतील एवढा आवाज ठेवतात. हा इतका बारीक ठेवी की आपल्याच पोटातली गुरगुर ऐकू यावी. "मावशी, मोठ्याने लावलं की सगळंच छान वाटतं. हळू लावून छान वाटलं पाहिजे," म्हणे. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर अंघोळीचा पंचा टाकून ठेवी, कारण डोळे ऐकायला लागले की कान झोपा काढतात. मग दार अर्धवट लोटून पॅसेजच्या टोकाला, बेसिनपाशी, भिंतीकडे तोंड करून उभा राही. तिथवर शब्द पोचला तर गाणं जमलं. खोकीवाल्यांकडे नवीन लागलेल्या बाईने लेथवाल्याला विचारलं होतं, "याला शिक्षा केलीय का हो कुणी?" शेवटची परीक्षा रिक्षात. गेटवरची रिक्षा पकडून तिच्या स्पीकरवर गाणं लावायचं आणि नाक्यापर्यंत जाऊन परत यायचं. एका रिक्षावाल्याने मान डोलवत सांगितलं, "भाई, ढोलकी एक नंबर. गा कौन रहा है, वो नहीं समझा." हा उतरला तो धावत ढोलकी कमी करायला.

अशा माणसाकडे आम्ही माझ्या मोठ्या जाऊबाईंना नेलं. आमच्या घरच्या लग्नांत हळदीची गाणी त्यांनीच म्हणायची आणि आम्ही तिघी धाकट्या जावांनी मागे झील धरायची, ही रीत. त्यांच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं आणि नंतर हाच आवाज राहील असं डॉक्टर काही सांगत नव्हते. त्यांचं मागणं एकच होतं, आपली चार गाणी पुरी झालेली एकदा कानांनी ऐकायची आणि मग टेबलावर झोपायचं. बुधवारी आम्ही चौघी तिथे गाऊन आलो आणि तो मिक्सिंगला बसला.

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन स्टुडिओत गेले. तो रिक्षात गेला होता. समोर त्याचं जुनं लांबलचक मिक्सर, त्यावर वरखाली सरकणारी चोवीस बटणं. एक वर, एक खाली, एक मध्येच लटकलेलं. खाली मळक्या चिकटपट्ट्या, त्यांवर पेन्सिलीच्या रेघोट्या. माझा हात शिवशिवला. बायका नसल्या की घराला कशी अवकळा येते, असलं काहीतरी पुटपुटत मी पट्ट्या सोलल्या, फडकं ओलं केलं, सगळं पुसलं आणि चोवीसच्या चोवीस बटणं फळीवरच्या डब्यांसारखी एका ओळीत लावली. तो दारात आला तर मीच म्हणाले, "बघ कसं लख्ख केलं!"

त्याने मिक्सरकडे पाहिलं, कचऱ्याच्या डब्यातल्या पट्ट्यांच्या गोळ्याकडे पाहिलं, आणि नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, "आवाज कॉम्प्युटरमध्ये शाबूत आहेत, मावशी. फक्त कुणी कुठे उभं राहायचं, ते गेलं."

मी डब्यातून तो गोळा काढून उलगडायला लागले. "अरे, सोमवार!"

"माहितीये. चहा घेऊ आधी. उद्या सकाळी तुम्ही पण या. तुमच्या जाऊबाई घरात गातात तेव्हा कशा ऐकू येतात, ते मला कुठे माहितीये?"

रविवारी त्याने सगळी बटणं खाली ओढली आणि एकट्या जाऊबाईंचा आवाज ठेवला. मग ढोलकी, मग पेटी. मी "यांचा वाढव रे" म्हटलं की हा दुसऱ्याच कुणाचं तरी कमी करी आणि जाऊबाई आपोआप पुढे येत. शेवटी माझा आवाज आला. "जरा ऐकू येऊ दे की!" मी म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, करवली नवरीच्या पुढे उभी राहिली तर फोटो कोणाचा?" माझं बटण मीच खाली ओढलं. पार बंद करायला निघाले तर त्याने हात धरला. बंद करून दाखवलं तेव्हा कळलं, जाऊबाई एकदम पोरक्या वाटत होत्या.

संध्याकाळी हॉस्पिटलात उशीजवळ छोटा स्पीकर ठेवून त्यांनी चारही गाणी डोळे मिटून ऐकली. मग म्हणाल्या, "बरां झालां गो. आता कापूंदेत."

ऑपरेशन नीट झालं, आवाज मात्र घोगरा झाला. लग्नघरी त्या मागे, भिंतीला टेकून बसायला लागल्या. काही महिन्यांनी मी गुळाचं मालवणी खाजं घेऊन त्याच्याकडे गेले आणि विचारलं, "अरे, तुझ्या यंत्रात घोगरेपणा काढायची काही सोय आहे का?"

आता त्या गाळ्याच्या जागी टॉवर उभा राहतोय. तो लांब कुठेतरी राहायला गेलाय. फोनवर इतका हळू बोलतो की मला दोनदा विचारावं लागतं. जाऊबाई नाहीत. पण त्यांचं पाचवं गाणं, त्या घोगऱ्या आवाजातलं, आमच्याकडे प्रत्येक हळदीला लागतं, ते त्याने त्या दिवशी खाज्याचा तुकडा चघळत दिलेल्या उत्तरामुळे:

"काढायचा कशाला? आता तोच त्यांचा आवाज आहे. घेऊन या त्यांना."