बाळू निकमची हजेरी

आधी एक स्पष्ट करतो. या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण ते निव्वळ टाइमपास म्हणून. तुमचे भुताखेतांचे अनुभव वाचायचे, बायकोला वाचून दाखवायचे आणि दोघांनी मिळून हसायचं. आमच्या घरात नजर, उतारा, अमावास्या असलं काही नाही. आजोबांनीच ते सगळं सोडलं होतं. पौर्णिमेला विहारात जायचं, वंदना घ्यायची, घरी येऊन खीर खायची, संपलं. त्यात माझा धंदा मशीनचा. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतंच, नीट शोधलं की सापडतं. त्यामुळे आज मीच इथं लिहायला बसलोय याचं मलाच हसू येतंय. कॉमेंटमध्ये ज्ञान पाजळायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

सातपूर एमआयडीसीत माझा भाड्याचा गाळा आहे. मोठमोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले सर्व्हर, म्हणजे चोवीस तास चालणारे मोठे कॉम्प्युटर, बदलतात. ते जुने सर्व्हर मी लॉटमध्ये उचलतो, साफ करतो, त्यांच्या डिस्क पुसतो, टेस्ट करतो आणि विकतो. घेणारे कोण? तर हौशी लोक. बेडरूमच्या कोपऱ्यात, गॅलरीत, जिन्याखाली सर्व्हर लावणारे. याला होम लॅब म्हणतात. कुणाला शिकायचं असतं, कुणाला घरचे फोटो स्वतःच्या मशीनवर ठेवायचे असतात, आणि खरं सांगू का, बहुतेकांना नुसती खाज असते! हौसेला मोल नाही. घरी नेऊन चालू केलं की ओझरला विमान उठावं तसा पंख्यांचा आवाज होतो, आणि मग गिऱ्हाइकाच्या घरून फोन येतो, "भाऊ, हे आजच्या आज परत घेऊन जा."

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सर्व्हरला पुढून आणि मागून एकेक छोटं बटण असतं. ते दाबलं की निळा दिवा लुकलुकायला लागतो. दोन्हीकडचा. कंपनीत एकसारखी शेकडो मशीन रांगेत उभी असतात, त्यातलं नेमकं कुठलं बघायचंय ते कळावं म्हणून ही सोय. मी इथे आहे, एवढंच तो दिवा सांगतो. परत दाबलं की बंद.

आमचे वडील, अण्णा — रघुनाथ पगारे — इथल्याच एका कंपनीत टाइमकीपर होते. शिफ्टला कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे बघायचं. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग वर्षं. सकाळी उठून म्हणायचे, "सेकंड शिफ्टला जायचंय, डबा भरा." घरी एकटं ठेवायची सोय नाही, माझी बायको सुजाता शाळेत शिकवते. म्हणून मी त्यांना गाळ्यावर न्यायला लागलो.

आणि तिथं त्यांना काम सापडलं. हातात फडकं घ्यायचं, रांगेनं प्रत्येक मशीनपाशी जायचं, बटण दाबायचं, निळा दिवा लागला की "हजर" म्हणायचं, धूळ पुसायची, दिवा बंद करायचा आणि पुढं. मला तसंही दिवे तपासायचे असतातच. पण अण्णांनी त्या मशीनना नावं दिली होती. सगळी त्यांच्या कंपनीतल्या माणसांची. हा बोडके, हा कापडणीस, हा फिटर शिंदे. शेवटच्या रांगेत सगळ्यात खालचं मशीन म्हणजे बाळू निकम. ते चालू व्हायला इतका वेळ घ्यायचं की मीच वैतागायचो. अण्णा मात्र हसायचे. "हा बाळ्या उशिराच उठणार."

बाळूकाका अण्णांचे जिगरी दोस्त. टर्नर होते. मी शाळेत असतानाच हृदयविकारानं गेले. उशिरा येण्यात पटाईत. रोज अण्णांना गळ घालायचे, "रघू, आजच्या दिवस माझं कार्ड पंच कर ना. आजच्या दिवस चालवून घे." आणि अण्णा रोज एकच सांगायचे, "जमणार नाही. ज्याची हजेरी त्यानंच लावायची." दोस्ती एकीकडं आणि हजेरी एकीकडं. बाळूकाका शिव्या घालायचे आणि सुट्टी झाली की अण्णांच्याच सायकलवर डबलसीट घरी यायचे.

तर तो शनिवार. शनिवारी आमच्या भागात लाइट नसते, सगळ्यांनाच माहीत आहे. मी त्या दिवशी पॅकिंगचं काम काढतो. इतर वेळी गाळ्यात पंख्यांचा असा एकसुरी आवाज चालू असतो की आपण झोपेतच काम करतोय असं वाटावं. शनिवारी तो थांबतो आणि मग कानात काहीतरी रिकामं रिकामं वाटत राहतं. हिवाळा संपत आलेला, दुपार झालेली. छताच्या पत्र्यात मध्ये मध्ये फायबरचे पत्रे आहेत, त्यातून दुधासारखा उजेड खाली येत होता आणि त्यात धूळ तरंगत होती. अण्णा दाराजवळच्या खुर्चीवर डुलक्या घेत होते. मी कुरियरच्या टेम्पोत खोकी चढवून परत आलो, तर खुर्ची रिकामी.

हाका मारल्या. आतल्या रांगांमधून एक चक्कर मारली, नाही. आणि मग लक्षात आलं की दारातल्या चपला नाहीत. अण्णा गाळ्यात शिरताना कायम बाहेर चपला काढायचे, घरच असल्यासारखे. चपला नाहीत म्हणजे माणूस बाहेर गेला. मी शटरही न ओढता पळालो.

सांगायची गोष्ट म्हणजे अण्णांना शुगर होती. सकाळी गोळी घेतली होती आणि डबा जसाच्या तसा खुर्चीखाली पडला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी घेऊन उपाशी राहिले तर शुगर एकदम उतरेल, माणूस हातचा जाईल. माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. त्यांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर गेलो, वॉचमन म्हणाला कुणी आलं नाही. आयटीआय सिग्नलपर्यंत गेलो. सुजाताला फोन केला, ती स्कूटरवर आली आणि त्र्यंबक रोडला बघायला गेली. तेवढ्यात सोनवणे मॅडमचा फोन, "मिलिंददादा, मी निघालेय हो मशीन न्यायला." पाथर्डी फाट्याला राहतात, बँकेत आयटीला आहेत, माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनीच बाळू निकम घेतला होता — म्हणजे ते मशीन. मी म्हटलं, "मॅडम, मशीन राहू द्या, आमचे अण्णा हरवलेत." त्या बिचाऱ्या गाडी घेऊन परस्पर सातपूर गावातल्या बस स्टॉपवर बघून आल्या.

कुठंच नाही. शेजारचे रफिकभाई — त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे — म्हणाले, "मिलिंद, एक बार अंदर पाहून ये. फिरून येऊन बसले असतील." म्हणून मी परत गाळ्यात शिरलो.

आत सगळं शांत. आणि शेवटच्या रांगेत, अगदी खाली, निळा दिवा लुकलुकत होता.

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला सांगू? उलट एकदम सगळं संथ झाल्यासारखं वाटलं, दुपारी जेवून आडवं झाल्यावर वाटतं तसं. नाकाला कटिंग ऑइलचा आणि लाल साबणाचा वास आला. लहानपणी शिफ्ट सुटल्यावर बाळूकाका मला उचलून घ्यायचे तेव्हा यायचा, तोच. मी पळालोसुद्धा नाही, चालत गेलो. डोक्यात एवढंच होतं की हा दिवा कुणी चालू ठेवला, बंद करायला हवा. सवय हो, दुसरं काय. बस स्टॉपवरून परत आलेल्या मॅडमचा मागून आवाज आला, "दादा, लाइट आली का?"

मी वाकलो, बटण दाबलं, दिवा गेला. आणि तेवढं वाकल्यामुळं मशीनच्या खालच्या फटीतून मला पलीकडं एक चप्पल दिसली. पायासकट.

रांगेच्या मागं भिंतीपर्यंत माणूस जेमतेम शिरेल एवढी जागा आहे. तिथं मी रिकामी खोकी आणि फोम कोंबून ठेवतो. अण्णा त्या खोक्यांच्या आड घसरून पडले होते. घामानं चिंब, अंग गार, डोळे अर्धे उघडे. "अण्णा! ओ अण्णा!" काही नाही. मॅडम किंचाळल्या, रफिकभाई त्यांच्या चहाच्या डब्यातली साखर घेऊन धावत आले. मी ती ओल्या बोटानं त्यांच्या गालाच्या आतून चोळली आणि त्यांना तसंच उचलून मॅडमच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. मी तिथंच बाकावर बसून ढसाढसा रडलो. मोठा माणूस, पण रडलो.

बाहेर बाकावर मॅडम शेजारी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "दादा, तो दिवा माझ्याच मशीनचा होता ना?"

"हो."

"त्याचे पॉवर सप्लाय तर माझ्या डिकीत आहेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मॅडमना आवाज कमी करणारे सप्लाय हवे होते, ते त्यांनी बाहेरून मागवले होते आणि त्या दिवशी बसवायला आणणार होत्या. म्हणून मी आदल्या दिवशीच जुने दोन्ही काढून ठेवले होते. वायर त्या सप्लायलाच लागते, म्हणजे त्या मशीनला वायर लावायलाच जागा नव्हती. गाळ्यात लाइट नव्हती आणि असती तरी काही उपयोग नव्हता!

आता तुम्ही म्हणाल, आत छोटा सेल असतो. असतो. तो घड्याळापुरता, त्याचा करंट त्या दिव्याकडं जातच नाही. तरीही मी नंतर काढून बघितला, मेलेला होता. सप्लाय नसताना ते बटण मी पुढून दाबलं, मागून दाबलं, बोटं दुखेपर्यंत दाबलं. ढिम्म. आणि भास म्हणाल, तर मॅडमना तोच भास कसा झाला?

दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर होते, चक्क गप्पा मारत होते. त्यांना वाटत होतं ते कंपनीत होते. "शॉप फ्लोअरवर अनवाणी चालत नाही," म्हणून चपला घालून हजेरी घ्यायला आत गेले. तिथं चक्कर आली.

मी म्हटलं, "मग तुम्ही मागचं बटण दाबलंत का, अण्णा?"

"मी कुठं? माझा हात उचलत नव्हता. तुला हाका मारल्या, आवाजच फुटेना." मग एकदम हसले. "बाळ्या होता ना. म्हणाला, रघू, पडून राहा, तुझं कार्ड मी पंच करतो. मी म्हटलं, जमणार नाही, ज्याची हजेरी त्यानंच लावायची. म्हणाला, गप रे, आजच्या दिवस चालवून घे."

सुजातानं माझ्याकडं बघितलं.

बाळूकाकांचं हे "आजच्या दिवस" अण्णांच्या डोक्यात कुठंतरी राहिलं असेल आणि बेशुद्धीत वर आलं असेल, हे मलाही समजतं. दिव्याचं काय, ते समजत नाही. मॅडमना विचारलं, दुसरं मशीन देऊ का? म्हणाल्या, "अजिबात नाही, मला बाळूकाकाच हवेत." त्यांच्या घरी ते आजही चालू आहे. दिवा आपणहून कधीच लागला नाही.

अण्णा मागच्या पावसाळ्यानंतर गेले. घरीच, झोपेत, त्रास न होता. शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते, "साहेब" म्हणायचे. ते फार लागायचं मनाला. सगळे विधी झाल्यावर गाळा उघडला, तर त्यांचं फडकं खुर्चीच्या पाठीवर तसंच वाळत टाकलेलं होतं. ते घेतलं आणि रांगेनं निघालो. बरीच मशीन नवी होती, पण नावं मी जुनीच दिली. बोडके, हजर. कापडणीस, हजर. फिटर शिंदे, हजर. शेवटच्या रांगेत बाळूकाकांची जागा रिकामी होती. तिथं थांबलो आणि म्हटलं, "रघुनाथ पगारे."

पंखे चालू होते. दुसरं काही नाही. मी उगाच वाट बघितली थोडी.

मग मीच म्हटलं, "हजर."

तेव्हापासून रोज लावतो. अण्णांना हे अजिबात पटलं नसतं, माहीत आहे मला. ज्याची हजेरी त्यानंच लावायची. पण फडकं खुर्चीवर परत टाकताना मी रोज म्हणतो, अण्णा, आजच्या दिवस चालवून घ्या.